तेरीज जुळली तरी डेटा चुकलेला असू शकतो

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातली पतसंस्था, तीन शाखा, नऊ हजारांच्या आसपास सभासद. १९९७ पासून डॉसवर (विंडोजच्या आधीची संगणक प्रणाली) फॉक्सप्रो या डेटाबेस साधनात लिहिलेल्या प्रोग्रॅमवर कामकाज चालतं. आता नवं सॉफ्टवेअर घेतलंय. नव्या कंपनीचं म्हणणं, ‘३१ मार्चची तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवून देतो. शनिवार-रविवारात डेटा कन्व्हर्ट होईल, १ एप्रिलला नव्यावर काम सुरू.’ व्यवस्थापकांनी विचारलंय, तेरीज जुळली म्हणजे काम झालं असं मानायचं का? माणूस कुठे फसतो? आणि शेवटी, जुना संगणक भंगारात द्यायचा का?

तेरीज जुळलीच पाहिजे, पण तिच्यावर थांबू नका. मी स्वतः सुरुवातीची दहा वर्षं फॉक्सप्रोमध्ये असेच प्रोग्रॅम लिहिले आणि त्यानंतरची पंधरा वर्षं त्यातला डेटा बाहेर काढून नव्या सिस्टिममध्ये नेण्यात घालवली. या कामात जी मोठी नुकसानं पाहिली, त्यातल्या बहुतेक ठिकाणी तेरीज पैशापर्यंत जुळलेली होती.

तेरीज ही बेरजांची बेरीज आहे. बचत ठेवींची एकूण रक्कम बरोबर आली, म्हणजे प्रत्येकाची रक्कम त्याच्याच नावावर आली असं होत नाही. एका संस्थेत दोन सभासदांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव सगळं सारखं होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये ठेवीच्या फाइलीत सभासद क्रमांकाचा रकानाच नव्हता, फक्त नाव होतं. कन्व्हर्जन करणाऱ्या मुलाने नावावरून जोडणी केली आणि एकाची मुदत ठेव दुसऱ्याच्या सभासद क्रमांकाला चिकटली. तेरीज तशीच राहिली. सात महिन्यांनी दुसरा गृहस्थ कर्ज मागायला आला, तेव्हा ‘तुमची एवढी ठेव आहे की’ असं काउंटरवरून सांगितलं गेलं. तो प्रामाणिक निघाला म्हणून प्रकरण वाढलं नाही.

म्हणून जुळणी चार पायऱ्यांवर मागा. योजनावार खात्यांची संख्या. योजनावार रक्कम. खातेवार शिल्लक, म्हणजे प्रत्येक खातं जुन्यात किती आणि नव्यात किती, फरक किती. आणि चौथी पायरी, जी कुणीच देत नाही: रक्कम सोडून बाकी गोष्टी. व्याजदर, उघडल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, शेवटची व्याज आकारणी, हप्ता, जामीनदार, वारस. सगळी मारामारी या चौथ्या पायरीवर असते.

कर्जखात्याचं बघा. शिल्लक ८४,००० जुन्यातही आहे, नव्यातही आहे. पण जुन्या प्रोग्रॅममध्ये व्याज कुठपर्यंत वसूल झालंय हे एका रकान्यात तारीख म्हणून ठेवलेलं असतं. ती तारीख आली नाही, तर नवी सिस्टिम व्याज कधीपासून मोजणार? मी पाहिलेल्या एका ठिकाणी तिने कर्जवाटपाच्या तारखेपासून मोजलं. ज्या माणसाने चार वर्षं नियमित हप्ते भरले, त्याच्या नावावर चार वर्षांचं व्याज पुन्हा चढलं आणि थकबाकीची छापील नोटीस त्याच्या घरी गेली. गावात अशी नोटीस आली की काय होतं, हे मी सांगायला नको. उलट प्रकारही होतो. ती तारीख सगळ्यांना ३१ मार्च लावली, तर ज्याचं दोन वर्षांचं व्याज खरंच येणं आहे तो कागदावर नियमित होतो. त्याची एनपीएची (थकीत कर्जाची) वर्गवारी चुकते, तरतूद चुकते आणि पुढचा सगळा ताळेबंद चुकीच्या पायावर उभा राहतो.

इथे आणखी एक बारीक गोष्ट. जुने बरेच प्रोग्रॅम थकीत हप्ते साठवत नाहीत, उतारा छापताना हिशेब करतात. नव्या सिस्टिमला मात्र हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक लागतं. ही माहिती जुन्या फाइलीत नसतेच, ती तयार करावी लागते. कोणत्या नियमाने करायची, हे कंपनीने ठरवायचं नाही. ते संस्थेने लेखी ठरवायचं आणि लेखापरीक्षकांना दाखवायचं.

आता फॉक्सप्रोच्या खास खोड्या. तुमचा जुना प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो माणूस आज सापडत नसेल तरी या तपासता येतात.

फॉक्सप्रोमध्ये नोंद डिलीट केली की ती जात नाही. त्या नोंदीच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक तारा पडतो, एवढंच. ‘पॅक’ ही आज्ञा चालवेपर्यंत नोंद फाइलीतच पडून असते. पडद्यावर ती दिसत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं गेली. डीबीएफ फाइल (फॉक्सप्रोची डेटा फाइल) वाचणारी काही साधनं हा तारा बघतच नाहीत. मग बंद केलेली, चुकून दुबार टाकलेली, रद्द झालेली खाती नव्या सिस्टिममध्ये जिवंत होऊन येतात. कंपनीला पहिल्या दिवशी विचारा: तारा लागलेल्या नोंदी किती निघाल्या आणि त्यांचं काय केलं? उत्तर आकड्यात आलं पाहिजे.

दुसरी खोडी शेऱ्यांची. फॉक्सप्रोचे लांबलचक शेरे मूळ फाइलीत नसतात, त्याच नावाच्या एफपीटी फाइलीत असतात. पेन ड्राइव्हवर नुसत्या डीबीएफ नेल्या की शेरे मागे राहतात. त्या शेऱ्यांत काय असतं? जामीनदाराने दिलेली हमी, ‘मूळ पावती हरवली, प्रतिज्ञापत्र घेतलं’ असल्या गोष्टी.

तिसरी तारखांची, आणि ही मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. तारीख फाइलीत चार आकडी वर्षासह साठते, पण पडद्यावर दोनच आकडे दाखवायची पद्धत होती. प्रोग्रॅमरने वेगळी सोय केली नसेल तर ‘०३’ टाईप केल्यावर फॉक्सप्रो ते १९०३ धरत असे. पडद्यावर ०३ दिसतं, पावतीवर ०३ छापलं जातं, वीस वर्षं कुणाला काही कळत नाही. फाइलीत मात्र १९०३ लिहिलेलं असतं. कन्व्हर्जनमध्ये ते तसंच येतं आणि नवी सिस्टिम एखाद्या ठेवीला शतकभराचं व्याज लावते किंवा ती नोंदच नाकारते. संस्था स्थापन होण्याआधीच्या सगळ्या तारखांची यादी काढायला पाच मिनिटं लागतात. जन्मतारखा वगळून त्या यादीत एकही नोंद असता कामा नये. जन्मतारखांना उलटी कसोटी लावा. एखाद्या सभासदाचं वय शंभराच्या पुढे निघालं, तर तो बहुधा २००० नंतर जन्मलेला, अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असताना खातं उघडलेला खातेदार असतो.

फाइलीतल्या चुका प्रोग्रॅम लिहून सापडतात. माणसांच्या सवयी सापडत नाहीत. जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘मयत’ असा रकाना नव्हता, म्हणून एका शाखेतल्या क्लार्कताई अशा सभासदाच्या नावापुढे टिंब देत. ज्यांच्यावर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतला आहे, त्यांच्या पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत ‘१०१’ लिहीत. दुसऱ्या शाखेत वादातल्या खात्याचा क्रमांक ९ ने सुरू करायचा, असा तोंडी नियम होता. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. कन्व्हर्जन करणाऱ्या मुलाने नावातली टिंबं ‘साफ’ केली, पत्त्यातला १०१ घर क्रमांक समजला. एका झटक्यात संस्थेची वीस वर्षांची स्मृती पुसली गेली.

त्यामुळे माझा आग्रह आहे की पहिला आठवडा संगणकाला हात न लावता घालवा. काउंटरवर सर्वांत जास्त वर्षं काम केलेल्या माणसाशेजारी बसा. वही घ्या. ‘हे असं का लिहिता?’ एवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा. त्यातले कुणी मे महिन्यात निवृत्त होणार असतील तर त्यांना आधी गाठा.

तुम्ही मराठी नावांबद्दल विचारलेलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या काळात मराठी दोन तऱ्हेने साठवलं जाई. काही ठिकाणी सी-डॅक या सरकारी संस्थेचं, संगणकावर मराठी दाखवणारं जिस्ट कार्ड होतं, तिथे अक्षरं इस्की या भारतीय मानकात आहेत. त्यांचं युनिकोडमध्ये (आजच्या जागतिक अक्षरमानकात) रूपांतर बऱ्यापैकी सरळ होतं. नंतर विंडोजवर आलेल्या शाखांनी श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टंकन केलं. तिथे फाइलीत मराठी नाहीच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्टागणिक कोष्टक वेगळं. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप केलेली, रफार अक्षराच्या नंतर. रूपांतर करणाऱ्या साधनाला हा क्रम उलटवावा लागतो, आणि जोडाक्षरात ते हमखास अडखळतं. आधी शाखावार फॉन्टची यादी करा. तीन शाखांचे तीन फॉन्ट निघाले तर मला नवल वाटणार नाही.

युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. ‘कऱ्हाड’ आणि ‘गोऱ्हे’ यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकदा नुक्ता असलेल्या ऱ ने, एकदा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. ‘ॲड.’ मधला ॲ सुद्धा एका अखंड अक्षराने किंवा अ वर चंद्र देऊन लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळी नावं. मग काउंटरवर गोऱ्हे शोधले की अर्धेच सापडतात आणि उरलेल्यांची खाती नव्याने उघडली जातात. कोणतं रूप ठेवायचं ते एकदा ठरवा आणि सगळा डेटा त्याच एका रूपात आणा.

इंग्रजी नावांवरून आपोआप मराठी करून घेण्याचा मोह टाळा. इंग्रजीत एकच दिसणारं आडनाव मराठीत काळेही असतं आणि कालेही, गोळेही असतं आणि गोलेही. माणसाचं आडनाव त्याच्या पासबुकावर चुकीचं छापून देणं हा त्याचा अपमान आहे. शिवाय केवायसीच्या कागदाशी ते जुळणार नाही ते वेगळंच. पत्त्यांमध्येही असंच काम आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुनी नावं नव्या यादीशी जुळवणारं कोष्टक हाताने करावं लागतं.

मधल्या टप्प्यावर एक्सेल येतंच. ‘आम्ही एक्सेलमध्ये काढून देतो, तुम्ही तपासा,’ असं कंपनी म्हणते. तपासायला हरकत नाही. पण तीच फाइल जतन करून पुढे चढवू देऊ नका. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे अचूक ठेवतं. सोळा आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून उघडला की शेवटचा आकडा शून्य होतो. सभासद क्रमांक ००४१२ चा ४१२ होतो. ०५/०८ ही तारीख संगणकाच्या मांडणीप्रमाणे ५ ऑगस्ट किंवा ८ मे होते. आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र बदलत नाहीत, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत सरकारी आरोग्य यंत्रणेच्या यादीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले. कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात आणि पुढच्या नोंदी आत गेल्याच नाहीत. एवढी मोठी यंत्रणा जिथे चुकली, तिथे आपण तपासूनच पुढे जायचं.

फरक निघाला तर काय करायचं? शेवटच्या रात्री सगळे थकलेले असतात, तेरजेत ३७ रुपये ४० पैसे जुळत नाहीत, आणि कुणीतरी म्हणतं, ‘अनामत खात्यात टाका आणि संपवा.’ असं करू नका. ३७ रुपयांचा फरक एकदा मी शोधायला बसलो, तेव्हा तो दोन चुकांची वजाबाकी निघाला. एकीकडे एक लाखाच्या पुढची ठेव दुबार आलेली, दुसरीकडे जवळपास तेवढ्याच रकमेचं एक खातं गळालेलं. पैशांतले फरक खरोखर निरुपद्रवी असू शकतात. फॉक्सप्रो नेमक्या अर्ध्यावरची रक्कम वरच्या अंकाकडे नेतं, काही नव्या भाषा जवळच्या सम अंकाकडे नेतात. पण तसं असेल तर ते दाखवून द्यावं लागतं. गृहीत धरायचं नाही.

आता शनिवार-रविवारचा मुद्दा. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये अशाच एका शनिवार-रविवारात सुमारे ५२ लाख ग्राहकांचा डेटा एकदम नव्या सिस्टिमवर नेला. डेटा नीट गेला, पण नवी सिस्टिम सोमवारचा भार पेलू शकली नाही. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. नंतरच्या चौकशीत निघालं की दोन डेटा सेंटरपैकी भाराची चाचणी एकाचीच झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. तुमची संस्था लहान आहे, पण धडा तुमच्याही कामाचा आहे. प्रत्यक्ष दिवसाआधी किमान दोन पूर्ण रंगीत तालमी करा. खऱ्या डेटावर, तिन्ही शाखांचे सगळे काउंटर एकाच वेळी सुरू ठेवून, पिग्मी एजंटांची यंत्रं जोडून. तालमीला किती तास लागले ते लिहून ठेवा. आणि रविवारी दुपारी अमुक वाजेपर्यंत जुळणी झाली नाही तर सोमवारी जुन्यावरच काम करायचं, हा निर्णय संचालक मंडळाच्या ठरावात आधीच घाला. त्या वेळी दबावाखाली असा निर्णय घ्यायला कुणी धजावत नाही.

१ एप्रिल ही तारीख मला पसंत नाही. आरंभीच्या शिलका सोयीच्या वाटतात म्हणून सगळे तीच धरतात. पण मार्चअखेरीस कर्मचारी वसुलीत आणि व्याज आकारणीत बुडालेले असतात, आणि लेखापरीक्षणातल्या दुरुस्त्या नंतर येऊन त्याच आरंभीच्या शिलका बदलतात. माझा सल्ला: लेखापरीक्षण पुरं होऊ द्या. ३० सप्टेंबरचं सहामाही व्याज जुन्यातूनच जमा करा, लाभांशाची यादी जुन्यातूनच काढून कुलूपबंद करा, आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी बदला. दिवाळी अगदी तोंडावर असेल तर थांबा. दिवाळीच्या ठेवी परत करण्याच्या गर्दीत नवशिकं काउंटर नको. मग नोव्हेंबरअखेर घ्या, पण त्या वेळी १ ऑक्टोबरपासूनच्या रोजच्या शिलका सोबत न्याव्या लागतील, नाहीतर बचतीचं व्याज चुकेल.

तपासणीसाठी नमुना खाती निवडताना कंपनीला निवडू देऊ नका, आणि नुसती चिठ्ठ्या टाकून निवडू नका. वाकडी खाती मुद्दाम घ्या. मुदतीआधी मोडलेली ठेव. तीनदा नूतनीकरण झालेली पावती. अज्ञानाचा सज्ञान झालेला खातेदार. एकाच कर्जात दोन पिशव्या असलेलं सोनेतारण. मयत सभासदाचं वारसाकडे वर्ग झालेलं खातं. जास्त भरणा होऊन उलटी शिल्लक आलेलं कर्ज. अशी पन्नास खाती कागदावर हाताने मांडा, नव्या सिस्टिममध्ये त्यांच्यावर पुढच्या महिन्याचं व्याज चालवून बघा आणि जुन्याशी ताडा. शिल्लक आजच्या दिवशी जुळणं सोपं असतं. पुढच्या व्याज आकारणीनंतर ती जुळते का, ही खरी परीक्षा.

हा सगळा डेटा पेन ड्राइव्हवर फिरतो, त्यात आधार आणि पॅन क्रमांक असतात. कुणी, कधी, कुणाला प्रत दिली याची नोंदवही ठेवा आणि काम संपल्यावर कंपनीकडच्या प्रती नष्ट केल्याचं लेखी घ्या.

जुना संगणक भंगारात द्यायचा का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. देऊ नका, पण त्याच्या भरवशावरही राहू नका. ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, त्यामुळे हार्ड डिस्क गेली की सगळं गेलं. संपूर्ण जुनी यंत्रणा एका आभासी मशीनमध्ये (नव्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला जुना संगणक) जशीच्या तशी उतरवून घ्या. ती फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि दोन ठिकाणी प्रती ठेवा. बंद झालेली खाती नव्या सिस्टिममध्ये कोंबण्याचा हट्ट नको, ती तिथेच राहू द्यात. पण खातेउतारे पीडीएफमध्ये काढून घ्या, म्हणजे २००४ सालची पावती घेऊन कुणाचा मुलगा आला तर त्याला उत्तर देता येईल. प्रोग्रॅमचा पासवर्ड आज एकट्या रोखपालांनाच माहीत असेल, तर तो लखोट्यात घालून तिजोरीत ठेवण्याचं काम या आठवड्यातच उरका.